वर्गात घरचा मोबाईल आणू द्यावा का? नववी-दहावीचा प्रश्न आहे

दुधनाकाठ
राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अनुदानित मराठी शाळा. मी तिथल्या पालक-शिक्षक संघात आहे, मुलगी नववीला. मुख्याध्यापकांनी मागच्या सभेत प्रस्ताव ठेवला: नववी-दहावीच्या मुलांनी आठवड्यातून दोन दिवस घरचा मोबाईल किंवा टॅब घेऊन यायचं. विज्ञान, भूगोल, गणिताच्या तासाला वापरायचा, एरवी दप्तरात बंद.

त्यांचं गणित सरळ आहे. संगणक कक्षातले निम्मे संगणक मेलेत. वर्गणी करून घेतलेल्या मोठ्या टीव्हीचा पॅनल गेला, दुरुस्तीचा आकडा ऐकून संस्थेने हात वर केले. पुस्तकात धड्याधड्याला क्यूआर कोड छापलेत, ते स्कॅन करायला वर्गात काहीच नाही. आणि घरोघरी मोबाईल तर आहेतच. मग तेच आणा.

सभा रंगली. एका आजोबांनी "आम्ही कंदिलाखाली शिकलो" सुरू केलं, मोबाईलचं दुकान असलेल्या एका पालकाने तिथंच सवलतीत टॅब द्यायची तयारी दाखवली, आणि मागच्या रांगेत बायका एकमेकींशी जे बोलत होत्या ते इतिवृत्तात आलंच नाही. निर्णय पुढच्या सभेवर ढकललाय.

माझा कल होकाराकडं आहे. पोरं चोरून आणतातच, त्यापेक्षा उघड आणलेला बरा. पण "मोबाईल शाप की वरदान" हा निबंध नकोय मला. वर्गात करून बघितलेल्यांनी सांगावं, नेमकं काय होतं आणि कुठं अडतं.

कडक_चहा
टॅबवाल्या पालकाकडून सभेचा चहा वसूल करा. बाकीचं नंतर बघू.

नांदेडचा_पुण्यात
मुख्याध्यापकांचं अभिनंदन. बाहेर हे बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये नववीपासूनच्या मुलांना सरकारी पैशातून लॅपटॉप मिळायचे. २०१३ च्या सुमाराला तो निधी थांबला आणि शाळा "आपापलं यंत्र आणा" या पद्धतीवर गेल्या. शाळेला खरेदी नको, दुरुस्ती नको, जुनं झालं की काय करायचं ही चिंता नको. मुलाच्या हाताला सवयीचं यंत्र असतं, घरी अर्धवट राहिलेलं काम वर्गात पुढं चालू होतं. शाळेने वायफाय चांगलं घ्यायचं आणि त्यावर फिल्टर लावायचा, की नको त्या साइट बंद. माझ्या मते खर्च फक्त राउटरचा.

झेडपीचा_मास्तर
मी बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात शिकवतो. पुण्याच्या भावांना एकच विचारतो: तो मोबाईल घरात दिवसभर कोण वापरतं?

आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव उसाला जातं. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. लेकरं आजीपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. घरी एकच मोठा मोबाईल, तो आजीपाशी. रात्री मायबाप कोपीवरनं, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवरनं, त्याच्यावरच फोन करतात. दिवसा बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो, रेशनची केवायसी त्याच्यावर, पीएम किसानचे दोन हजार आले का ते त्याच्यावर. जे गावात राहिले त्यांना ई-पीक पाहणी वावरात उभं राहून मोबाईलवरच करावी लागते. आता हा मोबाईल साडेदहा ते पाच शाळेत जाऊन बसला तर आजीनं काय करायचं? आणि आणला नाही तर लेकरू वर्गात हात बांधून बसणार. दोन्हीकडून मरण गरिबाचंच.

घरोघरी मोबाईल आहे हे खोटं नाही. असर म्हणजे ग्रामीण शिक्षणाची देशभरची पाहणी. तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. पण पुढचा आकडा बघा. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा मोबाईल असलेले साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांचा बापाचा, भावाचा, काकाचा. मुख्याध्यापकांनी पहिला आकडा धरून योजना आखलीय, वर्गात मात्र दुसरा आकडा बसलेला असणार.

हे आपण २०२० ला बघून झालंय. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणून लिंका पाठवल्या, तर बापाचा मोबाईल बापासंगं रानात. आमच्या गावात त्यापेक्षा सह्याद्री वाहिनीवरचं "टिलीमिली" हे अभ्यासाचं मालिकेसारखं जास्त लेकरांनी बघितलं, कारण टीव्ही घरातच असतो, कुणाच्या खिशात जात नाही.

अजून एक. घरचं यंत्र आणून सरकारी काम करायची ही पद्धत आम्हा मास्तरांवर कधीच लागू झालीय. पोषण आहार मोबाईलवर, यू-डायसची (शाळेची सरकारला द्यायची) माहिती मोबाईलवर, हजेरीला चॅटबॉट, प्रत्येक दिनाचे फोटो. मोबाईल आमचा, डेटा आमचा, बिघडला तर दुरुस्ती आमची. कुणी ठराव केला नव्हता, आपोआप झालं. आता तेच लेकरांवर यायलंय.

उदगीरकर
+१. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून शिक्षण विभागात लावा.

नांदेडचा_पुण्यात
मास्तर, हंगामाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण मग ज्यांच्याकडं आहे त्यांनी आणावा, नसेल त्याने शेजाऱ्याचा बघावा, एवढं तरी चालेल ना? चौघांत एक आला तरी पुरे.

नुकताच_बारावी
दादा, चौघांत एक म्हणजे काय होतं ते मी सांगतो. मी लातूरला होतो, त्याआधी दहावीपर्यंत गावच्या शाळेत. तिथं एका सरांनी हाच प्रयोग केला होता. पहिल्या दिवशी कुणाचा कोणता मोबाईल हे सगळ्या वर्गाला पाठ झालं. माझा मामाचा जुना होता, काच फुटलेली, चार्जिंग दुपारपर्यंत टिकत नव्हतं. मी तो दप्तरातून काढायचोच नाही, घरी राहिला म्हणायचो. ज्याचा नवा त्याच्याभोवती गर्दी, आणि यंत्र त्याचं म्हणून बोट पण त्याचंच फिरायचं. बाकीचे तिघं प्रेक्षक.

सरांचं पण हाल. तास पस्तीस मिनिटांचा. एकाच्या मोबाईलवर ॲप उघडत नाही, एकाची जागा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी भरलेली, एकाचा पासवर्ड बापाला माहीत. निम्मा तास सर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवत होते. महिन्याभरात आपोआप बंद पडलं, कुणी बंदी घातली नाही.

आणि लातूरची गंमत. ज्या पॅटर्नसाठी आख्खा मराठवाडा पोरं पाठवतो, तिथं माझ्या हॉस्टेलला निम्म्या पोरांकडं बटनांचा मोबाईल होता. आईबापानं नाही, पोरांनी स्वतःहून घेतलेला. नीटची परीक्षा होईपर्यंत मोठा मोबाईल गावाकडं. व्हिडिओ बघायचे तर वाचनालयातल्या संगणकावर, ठरल्या वेळी.

जालना_रोडवरून
सरसकट नाही म्हणणाऱ्यांसाठी थोडी उलटी बाजू. माझी मुलं संभाजीनगरात इंग्रजी शाळेत आहेत. तिथं टॅब रोज जातो. शाळेने एकच मॉडेल ठरवून दिलंय, शाळेचंच सॉफ्टवेअर घातलंय, खेळ टाकता येत नाही, सुट्टीत चालू होत नाही. दप्तराचं ओझं घटलं, गृहपाठ तपासून लगेच परत येतो. चालतंय हे. तुमच्याकडं न चालण्याचं कारण मोबाईल नाही, प्रत्येकाचा वेगळा मोबाईल हे आहे.

आणि एक टोचणारा प्रश्न. पोरगं रात्री बारापर्यंत रील्स बघतं तेव्हा घरात कुणी काही बोलत नाही. शाळेत गुरुजींच्या नजरेखाली चाळीस मिनिटं वापरणार म्हटलं की संस्कृती बुडते. हे कसं काय?

झेडपीचा_मास्तर
तुमच्या टॅबचे पैसे फीमध्ये आले, पालकांनी भरले, शाळेनं मालकी घेतली. छान आहे. पण मग त्याला घरचा मोबाईल आणणं म्हणू नका. ते शाळेचंच यंत्र झालं, फक्त पावती तुमच्या नावावर.

रील्सचं म्हणणं मान्य. असरमध्येच आहे: मोबाईल वापरता येणाऱ्यांपैकी आठवडाभरात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. पण रात्री घरी सुटलेलं जनावर सकाळी वर्गात आणून बांधलं म्हणजे ते माणसाळत नसतं.

कडक_चहा
आमच्या घरी जनावर माझ्याच हातात असतं, लेकरू बिचारं अभ्यास करतं.

मोंढ्यामागची
त्या मागच्या रांगेतल्या बायका काय बोलत असतील ते मी सांगू का? मी तुमच्या गावची नाही, पण परभणीचीच आहे आणि दोन मुलींची आई आहे.

त्या कॅमेऱ्याचं बोलत असणार. वर्गात चाळीस मोबाईल म्हणजे चाळीस कॅमेरे. पोरगी फळ्यावर गणित सोडवतीय, मागून कुणीतरी फोटो काढला, त्याच्यावर गाणं चिकटवलं आणि स्टेटसला टाकलं. त्या पोराला मुख्याध्यापक दोन कानाखाली देतील, बापाला बोलावतील, विषय संपला. पोरीचा विषय मात्र तिथून सुरू होतो. घरात कुणी विचारत नाही फोटो कुणी काढला. "शाळा पुरे झाली आता" एवढंच निघतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे यायला लागतात. उगं भीती घालत नाही मी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण साधारण २२ टक्के होतं, आपल्या परभणीत ४८. ज्या जिल्ह्यात पोरीला शाळेतून काढायला निमित्तच लागतं, तिथं निमित्त वर्गात आणून ठेवू नका.

दुसरं, घरात एक जास्तीचा मोबाईल निघाला तर तो भावाला जातो. बहीण त्याच्याच वर्गात असली तरी. वापरता येणाऱ्या मुलांमुलींतही मालकीत मुली मागं आहेत, असरचाच आकडा बघा मास्तर, तुम्ही तो गाळलात. म्हणजे तुमच्या त्या प्रयोगात वर्गात मोबाईल धरून बसणारी पोरं आणि वाकून बघणाऱ्या पोरी असंच चित्र होणार. संगणक कक्षात निदान खुर्ची तरी हजेरीप्रमाणं मिळायची.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. माझी थोरली मोबाईलवरच शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून निघाली. पण घरी, माझ्यासमोर.

झेडपीचा_मास्तर
ताई, बरोबर. १४ ते १६ मधल्या मुलांत ३६ टक्के, मुलींत २७ टक्के, असा तो आकडा आहे.

कोर्टकचेरी
कायद्याचं थोडं. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं दिली. शाळेत मोबाईल आणायला सरसकट बंदी नको, ती व्यवहार्य नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मुलाची ये-जा, सुरक्षितता, घरच्यांशी संपर्क यासाठी मोबाईल उपयोगी असतो. पण त्याच आदेशात पुढं असंही आहे की शक्य असेल तिथं मोबाईल शाळेत जमा करून घ्यावा, वर्गात वापर नको, शाळेत आणि शाळेच्या वाहनात कॅमेरा व रेकॉर्डिंगला कडक मनाई, आणि नियम पालक-शिक्षकांशी बोलून ठरवावेत. महाराष्ट्रातल्या शाळांवर तो बंधनकारक नाही, पण सभेत वाचून दाखवायला उपयोगी. ताईंच्या कॅमेऱ्याच्या मुद्द्याला त्यात थेट आधार आहे.

मुख्याध्यापकांना एक प्रश्न मात्र लेखी विचारा. शाळेनेच आणायला सांगितलेला मोबाईल शाळेत चोरीला गेला किंवा फुटला तर भरपाई कोण देणार? चोरून आणलेला गेला तर पालक गप्प बसतात. सांगून आणवलेला गेला तर गप्प बसणार नाहीत. आणि हप्त्यावर घेतलेला असेल तर हप्ते चालूच राहतात.

उदगीरकर
जमा करून घ्यायचे म्हणजे साठ मोबाईल एका कपाटात? किल्ली शिपायाकडं, शिपाई निवडणुकीच्या कामावर.

नांदेडचा_पुण्यात
मी जरा शोधाशोध करून आलो. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून सरकारी माध्यमिक शाळांत मोबाईलला बंदी आहे. लॅपटॉप आणा, मोबाईल नको, अशी त्यांची आजची स्थिती. फ्रान्सने २०१८ मध्येच कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरायला बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात चारपैकी एकाहून कमी देशांत अशी बंदी होती, त्यानंतर संख्या वाढतच गेलीय.

इंग्लंडमधल्या ९१ शाळांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. मोबाईल बंद केल्यावर परीक्षेतला फायदा मुख्यतः मागं पडलेल्या मुलांना झाला, हुशार मुलांना फरक पडला नाही. तसाच अभ्यास स्वीडनमध्ये झाला तर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे बंदी घातली की मार्क वाढतील असंही समजू नका.

आणि फिल्टरबद्दल मी वर जे लिहिलं त्याला एक पुरवणी. शाळेच्या वायफायवरचा फिल्टर फक्त त्या वायफायपुरता. पोरानं खिशातला मोबाईल डेटा चालू केला की फिल्टर संपला. अँड्रॉइडमध्ये एकच ॲप समोर अडकवून ठेवायची सोय आहे, बाहेर पडायला पिन लागतो. पण मोबाईल त्याचा म्हणजे पिन पण त्याचाच. शाळेच्या मोबाईलवर तीच सोय घट्ट बसते.

विज्ञान_परभणी
वाचत होते, आता राहवत नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि मोबाईल वर्गात वापरते. माझा आणि एका सहकाऱ्याचा. बास, दोन.

नववीला ध्वनीचा धडा आहे. ध्वनीचा वेग पुस्तकात वाचून मुलं पाठ करतात. मी मोजून घेते. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. मोबाईलमधले संवेदक (सेन्सर) उघडून देतं. त्यात आवाजाने सुरू होणारं आणि आवाजानेच थांबणारं घड्याळ आहे. मैदानावर दहा मीटर टेपने मोजायचे, दोन टोकांना दोन मोबाईल. या टोकाच्या मुलीने टाळी वाजवली की तिच्याजवळचं घड्याळ लगेच सुरू होतं, पलीकडचं आवाज पोचल्यावर. मग पलीकडच्या मुलाने टाळी वाजवायची. त्याचं घड्याळ लगेच थांबतं, इकडचं आवाज परत आल्यावर. दोन्ही घड्याळांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. सेकंदाचा साधारण सतरावा-अठरावा भाग निघतो. वीस भागिले तो, की वेग.

मजा इथं आहे. डिसेंबरच्या सकाळी वीस अंशाला मोजला तर सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास यायला हवा. एप्रिलमध्ये ४० अंशाला ३५५ च्या. दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वाढतो. "बाई, उन्हाळ्यात हाक लवकर ऐकू जाते का?" असं एका पोरीने विचारलं. हा प्रश्न मला दहा वर्षांत फळ्यावर शिकवून कुणी विचारला नव्हता. आपल्या उन्हाचा असा उपयोग!

लोलकाचा आवर्तकाल त्याच ॲपने. जिन्यावरून उशीवर मोबाईल सोडून पडताना त्याच्या त्वरणमापकाचा आकडा शून्याकडं जातो ते दाखवणं त्याच ॲपने (उशी जाड घ्या). कांद्याच्या सालीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला कॅमेरा लावून काढल्या की सगळा वर्ग एकदम बघतो, नाहीतर एका डोळ्याला एक मिनिट म्हणजे रांग संपत नाही.

आता यातल्या कुठल्या प्रयोगाला साठ मोबाईल लागले? ध्वनीला दोन, लोलकाला गटाला एक, पेशीला एक. मुलांना मोबाईल समोर धरून बसवायचं असेल तरच साठ लागतात, आणि ते तर ती घरी करतातच. मुख्याध्यापकांना विचारा की नेमका कोणता धडा मोबाईलशिवाय अडलाय. त्या धड्याला किती यंत्रं लागतात ते मोजा. माझ्या हिशोबाने एका शाळेला दहा-बारा पुरतात, आणि ती शाळेची असावीत.

दुधनाकाठ
बाई, हा हिशोब कुणी मांडलाच नव्हता. आम्ही सभेत आणायचे की नाही यावरच भांडत होतो, किती लागतात हे कुणी विचारलं नाही. पण दहा-बारा घ्यायला पैसे कुठून? तिथंच तर सगळं येऊन थांबतं.

उदगीरकर
गावात प्रत्येक घरी टेबलाच्या खणात एक जुना मोबाईल पडलेला आहे. दिवाळीला माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईवरून येतात तेव्हा मागा. टीव्हीला वर्गणी दिली ते जुना मोबाईल पण देतील. २०१५-१६ ला जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या त्या बहुतेक लोकवर्गणीवरच ना.

झेडपीचा_मास्तर
आणि त्यातल्या किती आज चालू आहेत तेही मोजा. वस्तू आली की फोटो निघतो, दुरुस्तीला कुणी येत नाही. रायगड जिल्ह्यात खैराटला २००७ मध्ये "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" या जागतिक योजनेचा प्रयोग झाला होता. पेरूमध्ये हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, नंतर तपासलं तर गणित-भाषेत फरक दिसला नाही. यंत्र आलं, त्याच्यावर काय शिकवायचं ते आलं नाही. बाईंकडं आधी प्रयोग होता, मग मोबाईल आला. उलटं करू नका एवढंच.

जालना_रोडवरून
तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. ही पोरं उद्या कॉलेजात जातील, नोकरीत जातील, तिथं खिशात मोबाईल असणारच. तो समोर असताना काम कसं करायचं हे कुणीतरी शिकवायला हवं, आणि शाळा नाही तर कोण? बाईंचे दोन मोबाईल विज्ञान शिकवतील, स्वतःवर ताबा शिकवणार नाहीत.

मोंढ्यामागची
दादा, खरंय. फक्त तो धडा माझ्या पोरीच्या जिवावर नको. अकरावीला शिकवा, कॉलेजात शिकवा. चौदाव्या वर्षी साठ जणांच्या वर्गात एका बाईंनी तो शिकवावा ही अपेक्षा जरा जास्त होतीय.

विज्ञान_परभणी
ताबा शिकवायचा असेल तर पहिले आम्ही शिक्षकांनी शिकायला हवा, हे मी स्टाफरूममध्ये बसून लिहितेय आणि आजूबाजूला सात जण मोबाईलमध्ये आहेत. आठवी मी.

कडक_चहा
🙏 बाईंना दंडवत.

नांदेडचा_पुण्यात
जुन्या मोबाईलची कल्पना पक्की करू या. सिम काढा. विमान मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू ठेवा. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक मिळतो, त्यावर कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की वर्गापुरता स्वतःचा साठा तयार होतो. त्याला इंटरनेट लागत नाही. व्हिडिओ, पीडीएफ, चाचण्या सगळं त्यात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेतच. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे विज्ञान-गणिताचे खेळ-प्रयोग आहेत, बरेच मराठीत आहेत, एकेक फाइल उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय चालते. म्हणजे रेंज नाही हा प्रश्नच मिटतो, आणि रील्सचाही. साध्या घरगुती राउटरला साठ मोबाईल झेपत नाहीत, दहा-बारा आरामात झेपतात. बाईंचा आकडा इथंही बसतो.

रास्पबेरी पाय आणि राउटर मी देतो. दिवाळीला येतोय, बसवून देईन.

कोर्टकचेरी
जुने मोबाईल घेताना देणाऱ्यासमोर सगळा डेटा पुसा, दोनदा. आणि नोंदवहीत मॉडेल, आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक), देणाऱ्याची सही. चोरीचा निघाला तर शाळेत पोलीस येतील.

नुकताच_बारावी
बॅटरी फुगलेली आहे का बघा. पाठीमागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा टेबलावर ठेवल्यावर मोबाईल डुगडुगला तर घेऊ नका, पेट घेतो. चार्जिंग रात्रभर कपाटात बंद करून लावायचं नाही. आमच्या हॉस्टेलला गादीच जळाली होती.

आणि महाज्योतीचे टॅब मिळालेली पोरं तुमच्या गावात असतीलच. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागासमधल्या दहावी झालेल्यांना जेईई-नीटसाठी मोफत मिळतात, रोजचा डेटापण. बारावीनंतर तो टॅब घरात पडून असतो. त्यांना विचारा, टॅबचा पडदा मोठा असतो, भूगोलाच्या नकाशाला बरा.

झेडपीचा_मास्तर
विचारण्याआधी त्यांना तो देता येतो का, परत करायचा असतो का, ते कागद बघून घ्या.

दुधनाकाठ
सभेत मांडायचा कच्चा मसुदा तयार केलाय. मुलांनी मोबाईल आणायचा नाही. ज्यांना लांबून यायचं म्हणून घरच्यांनी दिलाय त्यांनी बंद करून वर्गशिक्षकांकडं द्यायचा, सुटताना घ्यायचा. शाळेचे बारा मोबाईल, सिम नाही, कॅमेरा फक्त सूक्ष्मदर्शकाला, तोही शिक्षकांच्या हातात. गट हजेरीपटाप्रमाणं, यंत्र कुणाच्या हातात हे दर तासाला फिरणार, मुली पहिल्या फेरीत. विषय शिक्षकाने आधी लिहून द्यायचं की कोणत्या धड्याला किती लागतील. दुरुस्तीला वर्षाला ठरावीक रक्कम संस्थेने बाजूला काढायची, यावर संस्थाचालक भांडणार हे माहीत आहे, पण मास्तरांचं ऐकून तो मुद्दा मी सोडणार नाही.

जालना रोडवाल्यांचं म्हणणं मी पूर्ण टाकलेलं नाही. दहावीची परीक्षा झाल्यावर निकालापर्यंतच्या सुट्टीत मुलांना आपापला मोबाईल घेऊन बोलवावं, पिकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, फसवणुकीचे फोन, हे शिकवावं असं सुचवतोय. तेव्हा वर्ग नसतो, घाई नसते.

सभा आता शनिवारी ठेवलीय. आधीच्या वारी आठवडी बाजार येत होता, निम्मे पालक आलेच नव्हते.

बाई, एक विचारायचं राहिलं. जुन्या मोबाईलवर तुमचं ते टाळीचं घड्याळ चालेल का?

विज्ञान_परभणी
चालेल, त्याला फक्त माइक लागतो आणि तो प्रत्येक मोबाईलला असतो. ज्याला चुंबकमापक लागतो ते प्रयोग बऱ्याच स्वस्त मोबाईलवर होत नाहीत, ते आधी तपासून बाजूला ठेवा. घड्याळात आवाजाची मर्यादा ठरवायची जागा आहे. ती इतकी वर न्या की वाऱ्याने सुरू होणार नाही, आणि इतकी खाली ठेवा की दहा मीटरवरची टाळी पकडेल. पहिल्या दिवशी यातच वेळ जाईल, आधी एकट्याने करून बघा. मोबाईल जमिनीवर नको, बाकावर ठेवा. आणि मधल्या सुट्टीच्या आसपास घेऊ नका, पाचवी-सहावीचा गोंगाट सुरू झाला की दोन्ही घड्याळं आपोआप पळायला लागतात.